पोरींच्या यादीतले प्रश्नचिन्ह

आमच्या समाजाच्या परिचय मेळाव्याचा कंप्युटर माह्या हातात कसा आला, हे मी भायेरच्या माणसाले सांगत नाही. सांगतलं तं तो म्हणेल, तुमच्या समाजात दुसरं कोणी नव्हतं काय? होते नं. वकील होते, मास्तर होते, दोन इंजिनिअर होते. पण ते सगळे स्टेजवर बसणारे. स्टेजच्या खाली टेबलापाशी बसून वायरीत पाय अडकवून घेणारा एकच होता, तो मी.

मी पाचवी शिकेल. पास झालो का नापास, मले आजवर मालूम नाही, कारण निकालाच्या दिवशी मी गेलोच नव्हतो. तिथून जे निघालो ते लकडगंजात लाकडाच्या टालावर. वीस वर्षं ओंडके मोजले. जंगल डेपोतून ओंडका येई, त्याच्या बुडावर लोखंडी घणानं ठोकेल मार्का राहे. कोणत्या डेपोचा, कोणत्या लॉटचा, सगळं त्या मार्क्यात. मले इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मार्का मी चालत्या ट्रकमधून ओळखत होतो. एवढीच माही विद्या. तिचा पुढं काही उपयोग होईल असं मले वाटलं नव्हतं, अन् मले ओळखणाऱ्या कोणाले तं बिलकुलच नाही.

एका मेळाव्यात प्रिंटरमधे कागद फसला. दोन्ही इंजिनिअर वाकून पाहून राहिले होते. मी टालावरचा माणूस, मी कागद धरला अन् ओढला. कागद निघाला, सोबत प्रिंटरचं एक प्लास्टिक बी निघालं, ते मी खिशात टाकलं. प्रिंटर चालू झाला. अध्यक्षभाऊनं माइकवरून जाहीर केलं, "आजपासून हे आपले तांत्रिक प्रमुख." लोकाइनं टाळ्या वाजवल्या. प्लास्टिकचा तुकडा अजून माह्या घरी आहे.

मेळावा म्हणजे काय ते सांगतो. समाजातले लग्नाचे पोट्टे-पोट्ट्या एका हॉलमधे जमा करतात. एकेक जण स्टेजवर जातो, मागं मोठ्या पडद्यावर त्याची माहिती दिसते, अन् तो माइकवर नाव, शिक्षण, नोकरी अन् अपेक्षा सांगतो. खाली सगळ्याइच्या हातात परिचय पुस्तिका. पोट्टीची माहिती पाहणारे लोक पुस्तिका अशी चाळतात जशी भाजीवाल्याची टोपली चाळतात, वरचं खाली अन् खालचं वर, अन् शेवटी काहीच न घेता निघून जातात. 'अपेक्षा' म्हणून एक कॉलम आहे. त्यात पोट्टे लिहितात, 'गोरी, उंच, संस्कारी, नोकरी करणारी, घर सांभाळणारी.' पोट्ट्या लिहितात, 'अनुरूप स्थळ.' पोट्ट्या लिहितात म्हटलं खरं, पण लिहितो बाप. अन् बापाचं अक्षर लागलं नाही तं लिहितो मी.

माही मोठी बहीण, मी तिले ताई म्हणतो, तिची एकच पोरगी. एकतीस पूर्ण झालेली. चार मेळाव्यात स्टेजवर चढली अन् चारही वेळा उतरून घरी आली. हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर आहे, शिफ्टमधे. आठवड्याले पाळी बदलते, कंपनीची बस नेते अन् सोडते. तिच्या हाताखाली पंधरा बाया. घरात मात्र तिच्या हाताखाली कोणीच नाही, मीसुद्धा तिलेच भितो.

त्या वर्षी मौद्याकडचं एक स्थळ आलं होतं. पोट्टा तिथल्या थर्मल वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाले. त्याच्या घरच्याइनं निरोप पाठवला, "रविवारी मेळाव्याले येतो, पुस्तिकेत माहिती वाचतो, पोरगी स्टेजवर पाहतो, जमलं तं तिथंच बोलतो." ताई माह्या घरी आली. पाणी बी न पेता म्हणाली, "हे शेवटचं. याच्यानंतर मी पोरीले त्या स्टेजवर नाही चढवत. तू तिचा फॉर्म नीट भर."

"नीट म्हणजे कसा गा भरू?" मी विचारलं. गा बाप्या माणसाले म्हणतात, पण घाबरलो म्हणजे मी ताईले बी गा म्हणतो.

"त्याइले नोकरीवाली नको आहे म्हणतात. नोकरी लिहू नको. उंची पाच-तीन लिही. रंग गोरा."

"तिले विचारलं काय?"

"तिले काय विचारायचं? ती शिफ्टवर आहे."

मी लिहिलं. नोकरी नाही. पाच-तीन. रंग गोरा. गृहकार्यात निपुण. निपुण हा शब्द मी दुसऱ्या फॉर्मवरून उतरवला. भाची चहा करते तं पातेलं जळते, हे मले मालूम होतं. पण तांत्रिक प्रमुखानं भावना मधात आणू नये, असं मी स्वतःले समजावलं.

मेळावा रविवारी. बुधवारी सकाळी समाजभवनात नवा कंप्युटर आला, कोण्या दानशूरानं दिलेला. जुना कंप्युटर बाजूच्याच टेबलावर होता. माहिती दोन्हीतही नव्हती. ती लांब कुठंतरी एका मोठ्या मशीनवर होती, त्याले डेटाबेस म्हणतात. पोट्ट्याइची एक यादी, पोरीइची एक यादी. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोराचं नावही मी विसरलो, मी त्याले इंजिनिअरसाहेब म्हणतो. तो पुण्यात राहतो अन् बोलणं 'ॲक्च्युली'नं सुरू करतो. त्यानं तिकडून फोनवर सांगून नव्या कंप्युटरमधे काहीतरी नवीन टाकाले लावलं. म्हणे, डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर नवीन पाहिजे, जुना आता चालत नाही. मी टाकला. यादी उघडली.

पडद्यावर मराठीचं नाव नाही. इंग्रजी ए, त्याच्या डोक्यावर तिरपी काडी. त्याच्या बाजूले चार पायाचा किडा. मंग परत काडीवाला ए, परत किडा. पूर्ण समाज किडे झालेला.

अध्यक्षभाऊ मागं उभे होते. त्याइनं चष्मा वर केला, खाली केला. "हे काय होय गा?"

"लोड होऊन राहिलं, भाऊ," मी म्हटलं. मले काही समजलं नाही तं मी हेच म्हणतो. लग्नात नवरदेव उशिरा आला तरी मी हेच म्हटलं होतं.

पुण्याले फोन लावला. तिकडून आवाज आला, "ॲक्च्युली काका, घाबरू नका. डेटा ठीक आहे, फक्त दिसायला चूक दिसतोय. तुम्ही काही सेव्ह करू नका. नुसतं बघा. मी सोमवारी बघतो."

"मेळावा रविवारी आहे, साहेब."

"मग संध्याकाळी बघतो. पण तोपर्यंत काही लिहू नका त्याच्यात."

"हाव," मी म्हटलं. अन् फोन ठेवल्याबरोबर लिहाले बसलो.

आता माही अक्कल पाहा. मले वाटलं, जुन्या कंप्युटरवर तं नावं बराबर दिसून राहिले. मंग तिथून यादी फाइलमधे उतरवायची, अन् नव्या कंप्युटरवरून परत चढवायची. ओंडका या ट्रकमधून त्या ट्रकमधे. हे मी वीस वर्षं केलं आहे. पोरीइची यादी पहिले घेतली, कारण ताई सारखी फोन करून विचारून राहिली होती. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, नव्या कंप्युटरले लावली. कंप्युटरनं विचारलं, जुनं पुसून नवं टाकू काय? मी म्हटलं, टाक बाबा. हिरवी पट्टी पूर्ण भरली. 'यशस्वी' असं लिहून आलं. मी भवनाच्या चौकीदाराले चहा आणाले पाठवलं, अन् खुर्चीवर मागं रेलून बसलो, जसे स्टेजवरचे बसतात.

चहा पेऊन यादी उघडली. किडे गेले होते. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, वडिलाच्या जागी प्रश्नचिन्ह, गाव प्रश्नचिन्ह, अपेक्षा प्रश्नचिन्ह. आकडे तेवढे वाचले. उंची पाच-दोन, जन्मतारीख, मोबाइल नंबर. आमच्या समाजातल्या शंभर पोरी, त्याइच्यातल्या एकीलेही नाव नाही, पण प्रत्येकीची उंची पक्की. खरं सांगतो, मेळाव्यातल्या अर्ध्या लोकाइले एवढी माहिती पुरली असती.

जुना कंप्युटर उघडला. तिथं बी प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, फाइल आहे नं आपल्याजवळ. पण मंघाशी चहा पेता पेता मी तपासाले म्हणून नवी यादी परत उतरवून पाहिली होती. कुठं उतरवली? त्याच पेन ड्राइव्हवर. कोणत्या नावानं? त्याच नावानं. कंप्युटरनं तेव्हाही विचारलं होतं, जुनी फाइल पुसू काय? मी तेव्हाही त्याले म्हटलं होतं, टाक बाबा.

संध्याकाळी पाच वाजता इंजिनिअरसाहेबाचा फोन. मी सगळं सांगतलं.

"बॅकअप?" त्यानं विचारलं.

दर आठवड्याले बॅकअप घ्याचं काम माह्याकडेच होतं. घेत बी होतो. पण पेन ड्राइव्ह भरला होता, अन् साळ्याच्या पोराच्या वरातीसाठी गाणे टाकायचे होते. गाणे अजूनही आहेत, पाहिजे तं ऐकवतो.

"कागदी फॉर्म तरी असतील ना, काका?"

हे विचारायले नको होतं त्यानं. पोट्ट्याइचे फॉर्म कपाटात होते, प्लास्टिकच्या पाकिटात, तीन कुलपं लावून. पोरीइचे नव्हते. आमच्या समितीचा नियम, अध्यक्षभाऊनं स्वतः केलेला, की पोरीची माहिती कंप्युटरमधे गेली की फॉर्म नष्ट करायचा. पोरीचा फोटो, पोरीचा पत्ता भायेर कोणाच्या हाती लागू नये. पोट्ट्याची माहिती भायेर गेली तं जाहिरात होते, पोरीची गेली तं बदनामी, असा हिशोब. नष्ट करायची जबाबदारी माही. फाडून फेकले असते तरी तुकडे सापडले असते. पण मी नियमाचा पक्का. मी ते घरी नेले अन् आंघोळीच्या बंबात घातले. पूर्ण जानेवारी मी समाजातल्या पोरीइच्या अपेक्षांवर पाणी तापवून आंघोळ केली. पाणी चांगलं तापत होतं, बायको म्हणाली बी.

"आता नीट ऐका," तो म्हणाला. "पोरांच्या टेबलाला, म्हणजे यादीला, हात लावला का?"

"नाही."

"देवाची कृपा," तो म्हणाला. त्या पूर्ण फोनमधे त्यानं ॲक्च्युली एकदाही म्हटलं नव्हतं.

मंग त्यानं मले एक ओळ लिहाले लावली. ती चालवली तं पडद्यावर नावं नाही आले, किडे नाही आले, प्रत्येक अक्षर डेटाबेसमधे खरोखर कसं ठेवेल आहे ते उघडं दिसलं, नुसत्या आकड्या-अक्षरांच्या जोड्या. पोट्ट्याइच्या यादीत ई-झिरो, ए-फोर, मंग काहीतरी. परत ई-झिरो, ए-फोर, मंग काहीतरी. कधी ए-फोरच्या जागी ए-फाइव्ह. मी दोन मिनिटं पाहिलं अन् म्हटलं, "साहेब, हा मार्का आहे."

"काय?"

"प्रत्येक अक्षराच्या बुडावर एकच मार्का ठोकेल आहे. ई-झिरो ए-फोर. एकाच डेपोचा माल."

"काका, तुम्ही कुठं शिकलात हे?"

"लकडगंजात," मी म्हटलं. त्याले वाटलं असेल, कोणतं कॉलेज आहे.

पोरीइची यादी अशीच उघडली. तिथं फक्त थ्री-एफ. थ्री-एफ, थ्री-एफ, थ्री-एफ, खालपर्यंत. थ्री-एफ म्हणजे प्रश्नचिन्ह. ओंडका जळून राख झाला की त्याच्यावर मार्का नाही सापडत. ते मले त्यानं सांगाच्या आधी समजलं, अन् मी आयुष्यात पहिल्यांदा 'लोड होऊन राहिलं' म्हटलं नाही.

मंग त्यानं समजावलं, अन् मी माह्या भाषेत समजलो ते असं. डेटाबेस म्हणजे कोठार. ड्रायव्हर म्हणजे माल ठेवणारा-काढणारा हमाल. आमच्या कोठारावर पयल्यापासून पाटी चुकीची, 'इथं इंग्रजी माल.' जुना हमालही तसाच, म्हणे, हाव, इंग्रजी. दोघंही खोटं बोलत, अन् मराठी माल बराबर ठेवत अन् बराबर काढत. कोणाले पत्ता नाही. नवा हमाल खरा निघाला. त्यानं पाटी वाचली, म्हणे इंग्रजी आहे नं, मंग मी याचं भाषांतर करतो. म्हणून किडे दिसले. अन् मी त्याच्या डोक्यावर खरं मराठी ठेवलं, तं तो म्हणे, या कोठारात मराठीले जागा नाही. माल त्यानं फेकून दिला, अन् जागेवर प्रश्नचिन्हाची चिठ्ठी ठेवली. मले न विचारता. विचारलं तं होतं म्हणा, मीच टाक बाबा म्हटलं.

पोट्ट्याइची यादी दहा मिनिटात दुरुस्त झाली. त्यानं सांगतलं तसं केलं. पयले पाटीच काढली, नुसता माल म्हणून ठेवलं, मंग मराठीची पाटी लावली. मालाले हात नाही लावला. शंभरच्या शंभर पोट्टे सहीसलामत, 'गोरी, उंच, संस्कारी'सकट. पोरीइच्या कोठारालेही खरी पाटी लावली, पण आत राखच होती.

ते ऐकून अध्यक्षभाऊचा चेहरा उजळला. "म्हणजे अर्धं काम झालं."

"हाव. पोरी तेवढ्या नाहीत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फोन लावाले बसलो. नंबर होते नं. पयलाच फोन कोण्या बापानं उचलला.

"नमस्कार, मी मेळाव्यातून बोलून राहिलो. तुमच्या पोरीचं नाव काय?"

"तुमच्याजवळ माहा नंबर आहे, अन् पोरीचं नाव नाही?"

"उंची आहे जी, पाच-दोन. नाव तेवढं पाहिजे."

त्यानं मले जे म्हटलं ते मी लिहून राहिलो नाही. दुसरा म्हणाला, "ओटीपी मागशील आता, नाही काय?" तिसऱ्यानं फोन पोलिसातल्या भाच्याले दिला. अकरा वाजेपर्यंत मी चार नावं जमवली. त्यातलं एक पोट्ट्याचं निघालं.

तेव्हाच भाची आली. दुपारपाळी होती तिची, बस दोन वाजता होती. ताईनं माह्यासाठी डबा पाठवला होता. तिनं माह्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"काय केलं, मामा?"

मी सगळं सांगतलं, बंबासकट. ती हसली नाही. डबा ठेवला, खुर्ची ओढली, माह्या हातातला फोन घेतला.

"नमस्कार काका, पोरीले देता का फोन? ... नाही, तुम्ही नका सांगू. तिच्याशीच बोलते."

पोरीचा फोन बापाजवळ राहते, हे मलेही मालूम होतं. पण पोरीले फोन द्या म्हणाची हिंमत तांत्रिक प्रमुखाजवळ नव्हती. तिच्याजवळ होती, तिनं पंधरा बाया हाताखाली घेतल्या होत्या. एकेक पोरगी फोनवर आली. नाव सांगतलं, शिक्षण सांगतलं. मंग भाचीनं विचारलं, "अपेक्षा काय लिहू?"

पयलीनं विचारलं, "कोणाच्या?"

"तुह्या."

मंग बोलली. मंग दुसरी बोलली. मी टाइप करून राहिलो होतो, माह्या दोन बोटांनी. 'बँकेची परीक्षा देत आहे, निकाल लागेपर्यंत लग्नाची घाई नको.' 'सावजी मटण खाणारं घर पाहिजे, शाकाहारी स्थळ दाखवू नये.' 'मुलानं स्वतःचा डबा स्वतः धुवावा.' 'सासू चालेल, चुलत सासू नाही.' एक पोरगी रडली अन् म्हणाली, काहीच लिहू नका. भाचीनं मले सांगतलं, मोकळं ठेव. मी मोकळं ठेवलं.

ती दोन वाजता बसनं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. त्या शुक्रवारी बाराच्या सुमाराले अध्यक्षभाऊ पुस्तिकेची फाइल पाहाले आले. वाचत गेले तसा त्याइचा चष्मा नाकावर उतरत गेला.

"डबा स्वतः धुवावा? हे काय अपेक्षा होय? सगळ्याइच्या पुढं 'अनुरूप स्थळ' टाक."

मी माऊसवरचा हात काढून घेतला अन् मांडीवर ठेवला. "टाकतो, भाऊ. पण आता हात लावला तं परत प्रश्नचिन्ह येऊ शकतात. तुम्ही म्हणत असाल तं लावतो."

हे खोटं होतं. पाटी बदलल्यावर आता काही होत नव्हतं. पण माह्या मूर्खपणाची जी इज्जत मी एका दिवसात कमावली होती, ती कुठंतरी वापराले पाहिजे होती. अध्यक्षभाऊ माऊसपासून दोन पावलं मागं सरकले. "राहू दे," ते म्हणाले. "राहू दे, राहू दे."

सगळ्यात शेवटी एकच ओळ राहिली. तिच्यात फक्त 'पाच-तीन', जन्मतारीख अन् ताईचा मोबाइल नंबर होता. तेवढ्यात ताईही आली, पोरीची रविवारची साडी दाखवाले. तिघं जण त्या ओळीसमोर.

"सांग वं," मी भाचीले म्हटलं. "नाव मले मालूम आहे. बाकीचं सांग."

"तू लिहिलं होतं नं बराबर," ताई म्हणाली. "तेच लिही."

"तेच कोणतं?" भाचीनं विचारलं.

मी ताईकडे पाहिलं, ताई साडीच्या काठाकडे पाहत होती. सांगावं लागलं. नोकरी नाही, रंग गोरा, पाच-तीन, गृहकार्यात निपुण.

"निपुण," भाची म्हणाली. तेवढंच. पण तिनं तो शब्द असा उच्चारला की मले वाटलं, मीच जळकं पातेलं होय.

मंग ती सांगत गेली अन् मी टाइप करत गेलो. "उंची पाच-एक. रंग सावळा. हिंगण्याच्या कंपनीत पॅकिंग लाइन. शिफ्टमधे. नोकरी सोडणार नाही."

"मौद्याचे लोक पानही नाही उलटणार," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी लोकाइच्या ब्लाउजले काजं करून तुले शिकवलं, ते काय घरात बसाले? मलेबी समजते. पण एकदा लग्न होऊ दे, मंग सांगता आलं असतं."

"कधी सांगतलं असतं, आई? बस दारापुढं उभी राहिली म्हणजे?"

ताई माह्याकडे वळली. "काहून गा, तू तरी बोल."

मी दोघींच्या मधात. बोललो असतो, पण माह्या तोंडातून निघालेल्या प्रत्येक शब्दानं त्या आठवड्यात शंभर पोरीइचं वाटोळं केलं होतं. मी सेव्ह दाबलं. ताई साडी घडी करून निघून गेली. डबा न्यायचाही विसरली.

रविवारी हॉल भरला. पडद्यावर सगळे नावं मराठीत, एकही किडा नाही. कोणी माही तारीफ केली नाही, जे चालते त्याची कोणी करत नाही. मौद्याचे आले. आई, बाप अन् पोट्टा. ताईच्या दोन रांगा मागंच बसले. बापानं पुस्तिका उघडली, पान शोधलं, वाचलं, अन् पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. मिटतानाचा आवाज माह्यापर्यंत आला नाही, पण ताईची पाठ पाहून मले समजलं की तिच्यापर्यंत आला.

थोड्या वेळानं पोट्टा उठला. मले वाटलं, पाणी पेयाले चालला. तो माह्या टेबलापाशी आला.

"काका, पुस्तिकेत त्या हिंगण्यावाल्या आहेत नं. त्याइची शिफ्ट कोणती राहते?"

"काहून?"

"माहीबी पाळी बदलत राहते. दोघांच्या उलट्या आल्या तं भेट दाराच्या उंबऱ्यावरच होईल. पयले विचारलेलं बरं."

मी पडद्यावर त्या ओळीत पाहिलं. शिफ्ट लिहिलं होतं, कोणती ते नव्हतं. तसा कॉलमच नव्हता आमच्या डेटाबेसमधे. गोरी का सावळी हा कॉलम होता.

"मले नाही मालूम," मी म्हटलं. त्या आठवड्यातलं माह्या तोंडचं सगळ्यात खरं वाक्य. "तिकडे बसेल आहे, साडीत नाही, निळा ड्रेस. तिलेच विचार."

तो गेला. भाचीच्या बाजूची खुर्ची मोकळी होती, तिथं बसला. दोघंही हातावर बोटानं काहीतरी मोजून राहिले होते, पाळीचे आठवडे असतील. त्याची आई मान उंच करून पाहून राहिली होती. ताईनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचा पदर तिनं तीनदा सारखा केला. इकडे स्टेजवर भाचीचा नंबर आला. मी तिची ओळ पडद्यावर टाकली. पाच-एक, सावळी, शिफ्ट, सोडणार नाही, सगळं दोन हात मोठ्या अक्षरात. अध्यक्षभाऊनं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. परत पुकारलं.

"तांत्रिक प्रमुख, ही उमेदवार कुठं आहे?" माइकवरून.

"डेटाबेसमधे आहे, भाऊ," मी खालून म्हटलं. "स्टेजवर येऊन नाही राहिली."

ती त्या दिवशी स्टेजवर चढलीच नाही. पोट्ट्याच्या बापानं घरी जाऊन आठ दिवस नाही म्हटलं, नवव्या दिवशी पोट्टा स्वतः हिंगण्याच्या गेटवर जाऊन उभा राहिला, पाळी सुटायच्या टायमाले. मंग बाप ताईच्या घरी आला. दिवाळीनंतर लग्न झालं. दोघं आता मधात कुठंतरी राहतात, त्याले मौदा लांब पडते अन् तिले हिंगणा. पातेलं अजूनही जळते, डबा तो धुते.

लग्नाची पत्रिका मले वाटलं मीच बनवीन. घरचा तांत्रिक प्रमुख. ताईनं पूर्ण पत्रिका हातानं लिहिली, कुळदेवतेपासून आहेराच्या सूचनेपर्यंत, अन् स्वतः प्रेसमधे नेऊन दिली. मी पिशवी धरून मागं उभा होतो. प्रेसवाल्यानं विचारलं, "बाई, याची फाइल नाही काय पेन ड्राइव्हवर?"

ताईनं माह्याकडे बोट दाखवलं. "फाइल या माणसाले दाखवायची नाही," ती म्हणाली. "अन् कागद छापून झाला की मले वापस पाहिजे. याच्या घरी बंब आहे."